उड्डाणाच्या दिवशीचा पाडू

मरगदमला अख्खं आळिकुप्पम ‘रॉकेट अम्मा’ म्हणायचं, आणि त्यात कौतुकाचा लवलेशही नव्हता. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती फोन उघडायची आणि पुढची उड्डाणं बघायची. तारीख कुठली, वेळ कुठली, पक्की आहे की नुसतीच अंदाजे ठोकून दिलेली. उपग्रह वर जाऊन काय दिवे लावणार आहे याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तो कधी जाणार एवढंच तिला हवं असे, कारण तो ज्या दिवशी वर जाई त्या दिवशी कुणाच्या तरी पोटावर पाय येई, आणि गेल्या दोन खेपा तो पाय तिच्याच पोटावर आला होता.

“काय अक्का, चंद्रावर घर बघताय का?” जाळी विणत बसलेली पोरं विचारायची.

“बघतेय. तिथं गावावर हुकूम चालवायला नाट्टार नाही म्हणतात,” ती म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

सरोवराच्या पलीकडे बेट, बेटावर रॉकेटचा तळ, आणि तळावरचा तो उंच मनोरा गावातल्या कुठल्याही अंगणातून दिसतो. उड्डाणाच्या आदल्या दिवशी स्कूटरवरचा लाउडस्पीकरवाला येऊन ओरडून जातो: उद्या समुद्रात होडी घालायची नाही, सरोवराच्या तोंडाशी होडी न्यायची नाही. त्याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही. जळतं लोखंड डोक्यावर पडावं अशी हौस कुणाला असते? मरगदमचीही तक्रार तळाशी नव्हती. तिचं भांडण झाडाखाली बैठक भरवणाऱ्या स्वतःच्या गावच्या लोकांशी होतं.

आळिकुप्पममध्ये कोळंबी मिळते ती सरोवराच्या तोंडाशी, ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढ घेतं तेव्हा. जागा एक आणि जाळी ढीगभर. सगळे एकदम गेले तर कोळंबीऐवजी डोकी फुटतील. म्हणून पूर्वजांनी पाळीपाळीचा पाडू घालून दिला. वर्षाला एकदा देवीपुढे चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचे जे दिवस निघतील त्या दिवशी ती जागा त्याची. दोन बांबू रोवलेले असतात, त्यांच्यामध्ये दुसऱ्या कुणी टोपलीसुद्धा बुडवायची नाही. आणि ज्याचे लागोपाठ तीन पाडू रिकामे गेले, म्हणजे त्या दोन बांबूंमध्ये जाळंच लागलं नाही, त्याचा वाटा गावाकडे परत. नियम आळशांसाठी आणि दारुड्यांसाठी केला होता, आणि चांगलाच होता. पण ज्यांनी तो केला त्यांनी आकाशात घारीपेक्षा मोठं काही उडताना पाहिलं नव्हतं.

मरगदमचा नवरा आंडियप्पन तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. वाटा त्याच्या नावावर राहिला. विधवेला तो ठेवता येतो, पण घरातला पुरुष होडीवर हवा, कारण बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही आणि जाळ्याला हात लावायचा नाही. म्हणून धाकटा दीर एळुमलै तिच्यासाठी जायचा आणि अर्धा माल घ्यायचा. यंदाचा पहिला पाडू उड्डाणात गेला. दुसऱ्या पाडूच्या दिवशी तोंड बंद झालं, रॉकेट उभं राहिलं, सगळं गाव माना वर करून बसलं, आणि शेवटच्या घटकेला वारा वाढला म्हणून उड्डाणच रद्द झालं. रॉकेटही गेलं नाही आणि कोळंबी मात्र गेली. तोही पाडू रिकामाच धरला गेला. आता तिसरा पाडू अमावास्येच्या शुक्रवारी होता. तो गेला की वाटा गेला, आणि वाटा गेला की मरगदमनं उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या शेडमध्ये कोळंबी सोलत काढायचं, हे ठरलेलंच होतं.

उड्डाण मंगळवारी होतं. मंगळवार म्हणजे शुक्रवार नव्हे, म्हणून ती आठवडाभर निर्धास्त होती. सोमवारी सकाळी तिनं फोन उघडला. बंगालच्या उपसागरात हवा बिघडलेली, उड्डाण पुढे ढकललं. नवी तारीख, शुक्रवार, दुपार.

तिनं पुन्हा बघितलं. फोन बंद करून चालू केला. तारखेला काही लाज वाटली नाही, ती तिथंच होती.

“पच्चैयम्मा!” तिनं कुंपणावरून शेजारणीला हाक मारली. “अगं, मेलं माझ्या शुक्रवारावर येऊन बसलं की गं!”

पच्चैयम्मा राखुंडीनं दात घासत होती. तिनं थुंकून आधी बेटाकडे बघितलं आणि मग नाट्टारच्या घराकडे. “त्याला वर्षातले इतके दिवस सोडून तुझाच सापडला? आता काय करणार?”

“झाडाखाली जाणार.”

“जा. ते काही ऐकायचे नाहीत. पण जा.”

नाट्टार म्हणजे गावचा प्रमुख, तनिकाचलम. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती, बोलणं असं की लोणी वितळावं. आवाज कधी चढवायचा नाही आणि जागचा इंचभर हलायचाही नाही, अशातला माणूस. संध्याकाळी पूवरसाच्या झाडाखाली बैठक भरली. पुरुष गोल करून बसले. बायका नेहमीप्रमाणे देवळाच्या भिंतीशी, बाहेर उभ्या.

“अय्या,” मरगदम भिंत सोडून पुढे आली, “शुक्रवारचा पाडू माझा आहे. शुक्रवारी तोंड बंद. मी जाळं टाकू कुठं, डोक्यावर?”

“बाई,” तनिकाचलम मृदूपणे म्हणाला, “वारा सुटला तर होडी जात नाही. अंगात ताप असला तर जात नाही. तेव्हा आपण पाडू मागे घेतो का? गेला तो गेला. सगळ्यांना नियम एकच.”

“वारा यायच्या आधी आपली तारीख जाहीर करतो का, अय्या? याची तारीख माझ्या फोनवर येते. मी तुम्हाला आज, सोमवारी सांगतेय. शुक्रवारचं संकट सोमवारी ठाऊक असताना तुम्ही हात बांधून बसणार?”

“मग फोनकडेच माग की पाडू!” मागून कुणीतरी ओरडलं आणि बैठक हसली.

ओरडला तो दुरैकण्णु, नाट्टारचा जावई. लग्न करून सासरीच राहायला आलेला, एक कोळंबीची शेड टाकलेली, आणि कुणाचा वाटा मोकळा होतोय याकडे डोळा लावून बसलेला. मरगदमचा वाटा सुटला तर कुणाच्या घशात जाणार हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

“बरं, शुक्रवारचा नको,” ती म्हणाली. “अदलाबदल द्या. कुणाचाही पुढचा दिवस मला द्या, माझा त्याच्यापुढचा घ्या. अमावास्येच्या जोरदार ओहोटीच्या बदल्यात भलता दिवस घेते.”

“अदलाबदल बैठकीत बसणाऱ्यांनी आपसांत करायची असते.” तनिकाचलमनं विषय संपवला. “तुझ्या दिराला विचारायला सांग.”

एळुमलैनं विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या अंगणात गेली तेव्हा तो होडीची फट बुजवत होता, आणि बुजवून झालेली फट पुन्हा बुजवायला लागला.

“अण्णी, कशाला वैर घेता? नाट्टारच्या विरुद्ध कोण दिवस देणार? दुरैकण्णु मला म्हणालाय, वाटा त्याच्याकडे आला तरी होडीवर मलाच ठेवेल.”

“आणि मला?”

“तुम्हाला शेडमध्ये काम देईल. सावलीतलं.”

मरगदमला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला. हाच एळुमलै. याच्या लग्नात हिनं आपली साखळी मोडली होती. ती तशीच अंगणाबाहेर पडली. भांडायची ताकद तिला शुक्रवारसाठी ठेवायची होती, फक्त शुक्रवारी करायचं काय, तेवढं सुचत नव्हतं.

गुरुवारी लाउडस्पीकरवाला येऊन गेला. ती किनाऱ्यावर वाळूत बसून राहिली. समोरून बायका पाण्यातून परत येत होत्या. गळ्याइतक्या पाण्यात बसत बसत पुढे सरकायचं, दोन्ही हातांनी चिखल चाचपायचा, बोटाला कोळंबी लागली की उचलून टोपलीत टाकायची. टोपली ताडाच्या पानांची, तिची दोरी दातांत धरलेली, कारण हात रिकामे हवेत. आळिकुप्पममध्ये ज्यांच्या घरी वाटा नाही त्या बायका हेच करतात आणि घर चालवतात. पण गावात मासेमारी कोण करतं असं विचारा, उत्तर येईल: पुरुष. बायका आपल्या जरा पाण्यात जातात.

पच्चैयम्मानं बाहेर येऊन दातांतली दोरी सोडली. जबडा चोळत ती म्हणाली, “बसलीस काय अशी? उद्या ये आमच्याबरोबर. चार कोळंब्या तरी मिळतील.”

“उद्या तोंड बंद आहे.”

“होड्यांना बंद आहे. आम्हाला कधी कुणी अडवलंय? मागच्या उड्डाणाला मी त्या वाळूच्या दांड्याशी चाचपत होते. पोलिसानं माझ्याकडे बघितलं आणि विडी पेटवली.”

मरगदम ताडकन उठली. “वाळूच्या दांड्याशी? म्हणजे बांबूंच्या जवळ?”

“जवळ काय, एक बांबू दांड्यातच रोवलाय. ओहोटीला तिथं छातीभर पाणी असतं.” बोलता बोलता पच्चैयम्मा थांबली. मैत्रिणीचा चेहरा ती तीस वर्षं ओळखत होती. “नाही गं. जाळ्याला हात? आपण?”

“पाडू रिकामा कधी म्हणतात? जाळं लागलं नाही तर. होडी लागली नाही तर, असं कुठं आहे?”

“जाळं अडकवायचे खुंट कोण ठोकणार? ओहोटीच्या ओढीत दोघी उभ्या राहिलो तर थेट श्रीलंकेला पोचू.”

“ठोकायचे नाहीत. धरायचे. एकेका खुंटाला एकेक बाई.”

बाकीच्या बायका टोपल्या निथळवत उभ्या होत्या. एकीनं हळूच सांगितलं की जाळ्याला बाईचा हात लागला तर देवी कोपते. मरगदमचं डोकं फिरलं.

“जाळं फाटलं की शिवतं कोण? मी. सुकवतं कोण? तू. रात्रभर मांडीवर घेऊन बसतो तेव्हा देवी कोपत नाही, आणि पाण्यात धरलं की कोपते? देवीला काय पाण्याचं वावडं आहे? इथं माझा वाटा जातोय, बायांनो. उद्या तो गेला की तुमच्यातली कुणी रांडमुंड झाली तर तिचाही जाईल. मी एकटी गेले तर वाहून जाईन. पण जाणार.”

एवढं बोलून ती घरी गेली आणि आंडियप्पनचं जाळं माळ्यावरून खाली काढलं. कोण येईल, कोण नाही, हे तिनं विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची तिला भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी गाव नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर जमलं. शेंगदाणेवाला आला, पळवेर्काडहून पाहुणे आले, पोरं खांद्यावर चढली. मरगदम डोक्यावर जाळं आणि खांद्यावर खुंटांची मोळी घेऊन या सगळ्यांमधून चालत गेली. लुगडं गुडघ्यावर कसून मागे खोचलेलं. आधी लोक हसले. मग ती पाण्यात उतरली तेव्हा हसायचे थांबले.

“वहिनीला वेड लागलं!” एळुमलै ओरडला, पण ओरडला तो किनाऱ्यावरूनच.

ती वाळूच्या दांड्यावरून पुढे निघाली तेव्हा मागे पाणी खळबळलं. पच्चैयम्मा होती, दातांत टोपलीची दोरी धरलेली, त्यामुळे बोलू शकत नव्हती, नुसतीच डोळे वटारत होती. तिच्या मागे आणखी एक, मग तिची जाऊ, मग दोन म्हाताऱ्या, ज्यांना पाण्याखेरीज कुठंही धड चालता येत नव्हतं. जिला देवीची भीती होती तीही आली, ओठ हलवत, बहुधा देवीची आधीच माफी मागत.

पोलीस शिपाई धावत पाण्याच्या कडेला आला. “ए अम्मा! बाहेर या! बंदी आहे!”

“होडीला बंदी आहे, सार!” मरगदमनं पाठमोरीच उत्तर दिलं. “होडी दिसतेय का कुठं?”

“मग ते काय चाललंय?”

“रोज काय चालतं? बायका आपल्या जरा पाण्यात आल्यात!”

शिपायानं फोन लावला. साहेबांनी विचारलं, होडी आहे का? नाही. पुरुष आहेत का? नाही. बायका चाचपताहेत? तसंच काहीतरी, सार. मग मला कशाला त्रास देतोस, म्हणून साहेबांनी फोन ठेवला. शिपायानं पुन्हा एकदा पाण्याकडे बघितलं आणि तो शेंगदाणेवाल्याकडे वळला.

ओहोटी जोरात होती. अमावास्येची ओहोटी दया दाखवत नाही. दोन बांबूंच्या मध्ये, उथळ अंगाला, त्यांनी जाळं पसरलं आणि प्रत्येकीनं एक खुंट चिखलात दाबून छातीशी धरला. पाणी जाळ्यात शिरलं आणि जाळं फुगून एखाद्या बैलासारखं ओढायला लागलं. पायांखालची वाळू सरकत होती. एक म्हातारी पडली, पाणी प्यायली, शिव्या देत उठली आणि खुंट सोडला नाही. मरगदमच्या हातांची सालटी निघाली. आंडियप्पन हे दर पाडूला करत होता, तिच्या मनात आलं, आणि घरी येऊन म्हणायचा, आज विशेष काही नाही. तिला एकदम रडू आलं, आणि पाण्यात उभं असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात बेटावर उजेड पडला. आधी उजेड, मग बऱ्याच वेळानं गडगडाट, छातीच्या आत शिरणारा. पाणी थरथरलं. किनाऱ्यावर आरोळी उठली, सगळी तोंडं वर गेली, टाळ्या पडल्या. मरगदमची पाठ त्या सगळ्याकडे होती. तिनं ज्या तारखेवर इतके दिवस डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली होती ती तारीख तिच्या डोक्यावरून निघून जात होती, आणि तिला वर बघायला सवड नव्हती.

“सोडू नका गं!” ती ओरडली. “कुणी वर बघू नका, खुंट धरा!”

धुराची रेघ विरली तेव्हा लोकांच्या माना खाली आल्या, आणि त्यांना पाण्यात उभ्या बायका दिसल्या, दोन बांबूंच्या मध्ये, जाळ्यासकट.

सूर्य मावळायच्या आधीच झाडाखाली बैठक बसली. इतकी घाई पूर्वी कधी झाली नव्हती. मरगदम ओल्या लुगड्यानिशी आली आणि टोपली बैठकीच्या मधोमध पालथी केली. कोळंबी फार नव्हती. पण जिवंत होती, आणि वाळूत टणाटण उडत थेट नाट्टारच्या धोतरापर्यंत गेली.

“पाडू भरलाय,” ती म्हणाली.

“बायकांनी धरलेलं जाळं!” दुरैकण्णु उसळला. “त्याला काय जाळं म्हणायचं?”

“मग ही कोळंबी कुठून आली, जावईबापू? रॉकेटमधून सांडली?”

या खेपेला बैठक हसली ती त्याला. तनिकाचलमनं हात वर केला. “असं कधी झालेलं नाही,” तो मऊपणे म्हणाला. “विचार करावा लागेल. पुढच्या अमावास्येला बघू.”

“बघा की. पण पुढचं उड्डाण कधी आहे ते मला विचारा. तेवढं गावात मलाच ठाऊक असतं.” तिनं फोन काढला नाही, तिला तो लागत नव्हता. “पुढच्या महिन्यात, पौर्णिमेला. त्या दिवशी पाडू तुमचा आहे, अय्या. त्यानंतरचं येतंय ते या समोर बसलेल्या सुंदरमूर्तीच्या दिवशी. त्याच्यापुढचं अजून हलतंय, पण दुरैकण्णुच्या आसपास. आता उड्डाणं वाढत चाललीत, कमी होणार नाहीत. एकेकाच्या दिवसावर येणार. तोंड होड्यांना बंद असणार. आत कोण जाऊ शकतं ते आज तुम्ही बघितलंत. बायकांनी धरलेलं जाळं हे जाळं नसेल तर तसं आत्ताच सांगा. आम्ही तुमच्या वेळी येणार नाही.”

सुंदरमूर्तीनं नाट्टारकडे बघितलं. मग एकेक करत सगळ्यांनी बघितलं. तनिकाचलम हुशार माणूस होता, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य आहे. त्यानं धोतरावरची कोळंबी उचलून टोपलीत टाकली.

“आंडियप्पनचा पाडू भरला,” तो म्हणाला.

“आंडियप्पन गेला, अय्या,” मरगदम म्हणाली. “मी त्याच्यासाठी रडले, आजही रडले. पण पाण्यात तो नव्हता. ज्यानं जाळं धरलं त्याचं नाव घ्यायची रीत आहे. घ्या.”

तनिकाचलम जमिनीकडे बघत म्हणाला, “मरगदमचा पाडू भरला.”

“काय म्हणाले?” भिंतीशी उभी असलेली म्हातारी ओरडली. “आम्हाला इथं काही ऐकू येत नाही!”

मरगदमनं वळून पाहिलं. सगळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, ओल्या, थंडीनं कुडकुडत, हात सोललेले.

“मग तिथं कशाला उभ्या आहात?” ती म्हणाली. “आत येऊन बसा.”

आणि पुरुषांना सरकून जागा करावी लागली.